डायलवर २ म्हणजे खरंच २ टक्के का?
भुलीच्या द्रव औषधाची वाफ करून ती पेशंटच्या श्वासात सोडणाऱ्या व्हेपोरायझरचा डायल २ वर ठेवला की पेशंटला बरोबर २ टक्केच औषध जातं असं नाही हां, वाफ होताना आतलं औषध थंड पडतं, थंड झालं की वाफ कमी होते, त्याची भरपाई करायची सोय आत असते, तरी गॅसचा फ्लो अगदी कमी किंवा खूप जास्त झाला की आकडा हलतोच. आणि आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून सेव्होफ्लुरेन हे दुसरं औषध भरलं तर? २० डिग्रीला पहिल्याचा बाष्पदाब (वाफ होण्याचा जोर) साधारण २४० मिमी पारा, दुसऱ्याचा १६०, म्हणजे डायलपेक्षा कमी मिळणार, त्यात सेव्हो मुळातच कमी ताकदीचं, पेशंटला ऑपरेशन चालू असताना जाग यायची भीती! म्हणून मला मनापासून वाटतं, नुसत्या सर्व्हिसिंगच्या स्टिकरवर विसंबू नका, पेशंटला खरंच किती टक्के जातंय ते मोजणारा गॅस अ‍ॅनालायझर प्रत्येक ओटीत हवाच, तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलातसुद्धा.