नॅशव्हिल: ब्रॉडवे सोडा, ग्रीन हिल्सची बस धरा

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवे या बारच्या रस्त्यावर रात्री जाऊ नये, हे आधीच सांगून टाकते. एकेका बारला तीन-तीन मजले, मजल्यागणिक वेगळा बँड, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या. रस्त्यावर उभं राहिलं की एकाच वेळी पाच गाणी कानात शिरतात आणि एकही ऐकू येत नाही. त्यात पेडल मारत चालवायच्या बारगाड्या आणि गुलाबी हॅट घालून किंचाळणारी, लग्नाआधीची मौज करायला आलेली मुलींची टोळकी. कंट्री या अमेरिकी ग्रामीण संगीताची राजधानी बघायला आलेला माणूस इथूनच परत गेला, तर त्याचा कायमचा गैरसमज होईल.

जायचंच असेल तर सकाळी अकराच्या सुमारास जावं. बार रिकामे असतात, वादक तेवढेच तयारीचे असतात, आणि बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे लागत नाहीत. इथे गाण्या-वाजवण्याच्या पाळ्या चालतात, साधारण चार-चार तासांच्या. मूळ मानधन थोडं, खरी कमाई टिपच्या बादलीत. म्हणून गायक दुसऱ्यांचीच गाणी गातो, कारण पिणाऱ्याला ओळखीचं गाणं हवं असतं. चार तास सलग गाऊन गळा तयार होतो, शे-दोनशे गाणी तोंडपाठ होतात, पण स्वतः लिहिलेलं गाणं मात्र वहीतच राहतं. गीतकार-गायिका व्हायला आलेली मुलगी या रस्त्यावर वर्षानुवर्षं अडकून पडू शकते, ती यामुळेच.

आजची नावाजलेली कंट्री गायिका लेनी विल्सन अडकली नाही, पण तिलाही वेळ लागलाच. लुईझियानातलं बॅस्किन हे जेमतेम काहीशे वस्तीचं खेडं, वडील शेतकरी, आई शिक्षिका. शाळेत असताना ती हॅना मोंटाना या टीव्ही मालिकेतल्या गायिकेची नक्कल करून वाढदिवस आणि जत्रा करायची. २०११ साली, एकोणीस वर्षांची असताना, गाडीमागे कॅम्पर, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, जोडून ती नॅशव्हिलला आली आणि जेरी क्युपिट या ओळखीच्या निर्मात्याच्या स्टुडिओबाहेर तो उभा केला. वीज-पाणी स्टुडिओचं. तीनेक वर्षं ती त्यातच राहिली. टेनेसीतला हिवाळा पत्र्याच्या डब्यात काढणं म्हणजे मध्यरात्री गॅस संपला की उठून बसणं. २०१४ आणि २०१६ साली तिचे अल्बम आले, फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. २०१८ मध्ये मोठ्या कंपनीशी करार झाला आणि रेडिओवरचं पहिलं अव्वल गाणं आलं २०२१ मध्ये. ‘दहा वर्षांचं गाव’ असं नॅशव्हिलला म्हणतात, आणि तिच्या बाबतीत तो हिशोब अगदी बरोबर बसला.

या दहा वर्षांत नक्की काय चालतं, ते ब्रॉडवेवर दिसत नाही. ते चालतं म्युझिक रो नावाच्या दोन शांत रस्त्यांवरच्या बैठ्या घरांत, सकाळी दहा-अकरा वाजता. पर्यटकाला तिथे बघण्यासारखं काही नाही, पाट्या आणि पार्किंग. आत दोघं-तिघं गिटार घेऊन बसलेले असतात आणि तीन-चार तासांत एक गाणं संपवतात. सुरुवात बहुतेक शीर्षकापासून होते, कारण मुखड्याची (इथे तो कडव्यानंतर येतो) शेवटची ओळ कुठे जाऊन पडणार हे आधी ठरलेलं असलं की कडवी त्या दिशेने लिहिता येतात. फसतं ते दुसऱ्या कडव्यात. पहिल्यातच सगळी गोष्ट सांगून झालेली असते, मग दुसरं नुसतं भरतीचं होतं. मुरलेले गीतकार अशा वेळी पहिलं कडवं उचलून दुसऱ्या जागी ठेवतात आणि नवीन पहिलं लिहितात. मुखडा मिनिटभराच्या आत यायला हवा, गाणं साडेतीन मिनिटांत संपायला हवं, नाहीतर रेडिओवाले कान देत नाहीत.

हे सगळं ऐकायची खरी जागा म्हणजे ब्लूबर्ड कॅफे. ग्रीन हिल्सला, हिल्सबरो पाइकवर, साध्या दुकानांच्या रांगेतलं एक दुकान. खुर्च्या जेमतेम नव्वद. १९८२ साली एमी कर्लंडने काढलेला हा कॅफे २००८ पासून गीतकारांच्या संघटनेकडे आहे. बुकिंग ऑनलाइन उघडतं आणि बघता बघता संपतं, अक्षरशः तत्काळ तिकिटासारखं. सोमवारी ओपन माइक, म्हणजे नवख्यांनाही खुला मंच, असतो, तिथे स्वतः लिहिलेलीच गाणी चालतात.

पण बघायचा तो ‘राउंड’. चार गीतकार खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोते त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून भोवती. एकाने गाणं कसं सुचलं ते दोन वाक्यांत सांगायचं, गायचं, मग पुढचा. बाकीचे तिघं न विचारता सूर धरतात, मध्येच गिटारवर एखादी जागा भरतात. कोणी बोललं तर गप्प करतात, आणि ही शिस्त मला फार आवडली. आपल्याकडच्या कार्यक्रमांत वडापावाच्या कागदाचा आवाज निवेदकाइतकाच येतो.

त्या संध्याकाळी चष्मा लावलेल्या, पोट सुटलेल्या एका गृहस्थांनी गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. लावल्यावर तारा पुन्हा जुळवून घेतल्या, कारण कॅपोच्या दाबाने सूर चढतो. आणि त्यांनी जे गाणं सुरू केलं, ते खोलीतल्या प्रत्येकाला एका प्रसिद्ध गायकाच्या आवाजात पाठ होतं. रेकॉर्डपेक्षा खालच्या सुरात, बरंच संथ. ढोल-गिटारांच्या गर्दीत जी ओळ निसटून जायची ती इथे नीट कळली, आणि कळलं की ही ओळ लिहिणाऱ्याला रस्त्यावर कोणी ओळखत नाही. आपण तरी काय वेगळं करतो? गाणं लताबाईंचं म्हणतो, गीतकाराचं नाव आठवायला गूगल करतो.

पैशाचं गणित मात्र उलटं आहे. अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला पैसे मिळतात, गायकाला त्या वाजण्याचे काहीच मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक गायिकेला लेखनात नाव हवं असतं, आणि खोलीत तिघं असतील तर तिघांत सारखी वाटणी हा इथला रिवाज. सीडी किंवा डाउनलोडमागे २०२५ चा कायदेशीर दर १२.७ सेंट होता. तीन भाग केले की ४.२ सेंट, त्यातला अर्धा गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाचा धरला तर हातात दोन सेंट. प्रकाशक दरमहा जो पगारासारखा पैसा देतो तोही उचलच असते, पुढच्या कमाईतून वळती होते. लेनीचं ते पहिलं अव्वल गाणंही तिने आणखी दोघांबरोबर लिहिलेलं आहे.

लिहिलेलं गाणं फोनवर नुसत्या गिटारसह नोंदवतात आणि ते डेमोला, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगला, जातं. तीन तासांच्या एका बैठकीत पाच गाणी उरकतात, हे कसं शक्य होतं ते नंबरांत आहे. वादकांपुढे स्वरलेखन नसतं, १, ४, ५ असे आकडे असतात, म्हणजे सप्तकातल्या त्या-त्या सुरावरची कॉर्ड. एक आकडा म्हणजे एक आवर्तन, आकड्याभोवती पत्त्यातल्या चौकटसारखा आकार म्हणजे एकदा वाजवून सूर रेंगाळू द्यायचा, पुढे वजाची खूण म्हणजे मायनर कॉर्ड. गायिकेला पट्टी झेपली नाही तर कागद तसाच राहतो, फक्त ‘१’ कुठे ते बदलतं. पेटीवर काळी एकवरून काळी दोनवर जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मधले दिवस संग्रहालयांत गेले, छान होती.

ग्रँड ओल ऑप्री मात्र चुकवू नका. १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम १९४३ ते १९७४ रायमन सभागृहात व्हायचा. नव्या इमारतीत हलताना रायमनच्या रंगमंचाचा ओकचा सहा फुटांचा गोल कापून नेला आणि नव्या मंचाच्या मधोमध बसवला. गायक त्या गोलात उभा राहून दोन-तीन गाणी गातो, मध्ये रेडिओच्या जाहिराती तिथेच मंचावरून वाचतात. ऑप्रीचं सदस्यत्व मागून मिळत नाही, बोलावणं यावं लागतं. लेनीला ते २०२४ च्या जूनमध्ये मिळालं, त्याच वर्षी ग्रॅमीही.

त्याच वर्षी तिच्या नावाचा बारही ब्रॉडवेजवळ उघडला. अशा बारमध्ये गेलात तर भिंतीवरचे फोटो बघून निघू नका, मंचावर जी पोरगी गाते आहे तिच्या बादलीत पाच डॉलर टाका. फर्माईश करायची तर वीसची नोट चालते. रोख नसेल तर बादलीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, आपल्या भाजीवाल्यासारखाच.