तारांकित

विधिमंडळात तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून तोंडी द्यावं लागतं. अमेरिकेतले बेसबॉलवेडे हीच चांदणी, विक्रमावरची शंका म्हणून, पुठ्ठ्यावर रंगवून स्टेडियममध्ये न्यायचे आणि स्टेरॉइड घेतल्याचा संशय असलेला फलंदाज बॅरी बाँड्स बॅट घेऊन आला की उंच धरायचे. तोंडी उत्तर अर्थातच मिळायचं नाही.

ही चांदणी मूळची 1961 ची. बेब रूथचे एका हंगामातले 60 होमरन (चेंडू कुंपणापलीकडे धाडणारे फटके) 154 सामन्यांच्या हंगामातले. रॉजर मॅरिसने 61 मारले, पण हंगाम आता 162 सामन्यांचा. दोन्ही विक्रम वेगळे दाखवा, असं बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक म्हणाले. गंमत म्हणजे चांदणी कुठल्याच अधिकृत नोंदीत छापली गेली नाही, तरी लोकांच्या डोक्यात ती कायमची बसली.

1998 साली मार्क मॅग्वायरने 70 मारले, सॅमी सोसाने 66. ऑगस्टमध्येच एका पत्रकाराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची बाटली दिसली होती. दुकानात उघड मिळणारी, बेसबॉलमध्ये तोवर बंदी नसलेली. राग निघाला तो पत्रकारावर. 1994 च्या संपानंतर रुसलेला प्रेक्षक नुकता परतत होता; भरल्या मांडवात हुंड्याची चौकशी कोण करणार?

गोळ्या खाऊन चेंडू बॅटवर येत नाही, असं समर्थक हमखास सांगतात. बरोबरच आहे. ताशी 95 मैलांचा चेंडू 0.4 सेकंदात येतो, तिथे नजरच लागते. पण बॅटचा वेग दोन-चार टक्के वाढला, की कुंपणाजवळ झेलला जाणारा चेंडू पलीकडे पडतो. शिवाय सहा महिन्यांत 162 सामने खेळून शिणलेले स्नायू लवकर सावरतात. खरा फायदा बहुधा इथेच.

आणि पकडणार कसं? चाचणी म्हणजे यादीतल्या रेणूंचा शोध. यादीत नाव नसेल तर नमुना स्वच्छ. टीएचजी हे स्टेरॉइड असंच निसटत होतं. 2003 मध्ये एक वापरलेली सिरिंज उत्तेजकविरोधी संस्थेकडे पोचली, तिच्यातल्या उरल्यासुरल्या थेंबांवरून लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने ते ओळखलं. बाँड्सची साक्ष अशी की आपल्याला ते जवसाचं तेल वाटलं. (जवसाच्या चटणीवर वाढलेल्या माणसाने इथे थोडं थांबून घ्यावं.)

2006 च्या एप्रिलमध्ये सॅन दिएगोत प्रेक्षकांतून एक खेळण्यातली सिरिंज बाँड्सच्या दिशेने आली. त्याने ती ग्लव्हने उचलली आणि मैदानाबाहेर टाकली. त्याच्या संघाच्या सॅन फ्रान्सिस्कोत मात्र त्याच माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत. 2009 मध्ये बंदी असलेल्या औषधासाठी 50 सामन्यांची बंदी भोगून लॉस एंजेलिसचा मॅनी रामिरेझ परतला, तेव्हा लॉस एंजेलिसनेही त्याचं स्वागतच केलं. आपला तो बाब्या!

2007 मध्ये बाँड्सने हँक ॲरनचा कारकिर्दीतल्या 755 होमरनचा विक्रम मोडला. 756 वा चेंडू मार्क एको या फॅशन डिझायनरने 7,52,467 डॉलरला घेतला आणि त्याचं काय करायचं यावर इंटरनेटवर मतदान ठेवलं. लोकांनी कौल दिला: चांदणी कोरून कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या संग्रहालयाला, द्या. तिथे खेळाडूची निवड व्हायला पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात. 2022 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या खेपेला, बाँड्सला 66 टक्के मिळाली. चेंडू 2008 पासूनच तिथे आहे, चांदणीसकट.