गाविलगडाची उत्तर बाजू

नागपुरात १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईविषयी सगळेच बोलतात; नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा कणा मात्र त्याआधीच, १८०३ मध्ये, गाविलगडावर मोडला होता. तो कसा मोडला हे गड स्वतः फिरल्याशिवाय नीट उमगत नाही, असे मला वाटते. अमरावती, परतवाडा करत घाटाने चिखलदऱ्याला पोहोचलो आणि तिथून जवळच असलेल्या गडाची वाट धरली.

सातपुड्यात सुमारे ११०० मीटर उंचीवरचा हा गड बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास बांधल्याचे फारसी इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्याआधी येथे गवळ्यांची गढी होती, अशी परंपरा वऱ्हाडात सांगतात. पुढे १४८८ मध्ये वऱ्हाडचा बहमनी सुभेदार फतहउल्ला इमादउल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाज्यावर सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी गंडभेरुंड कोरलेला आहे. फतहउल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडला गेला आणि बहमनी चाकरीत वाढला. गंडभेरुंड हे तर कर्नाटकातले जुने राजचिन्ह. हे शिल्प मला गडावरचे सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याच्या झिजलेल्या कडा पाहून जतनाची काळजीही वाटते. आत तलाव आहेत, बुरूज आहेत, पडझड झालेली भव्य जामा मशीद आहे. तिच्या कोपऱ्यावरच्या छत्रीची दगडी जाळी अवश्य पाहावी.

दक्षिणेकडे वऱ्हाडच्या मैदानापर्यंत उतरत जाणारे कडे आहेत, तिथे निसर्गानेच तटाचे काम केले आहे. उत्तरेकडे मात्र डोंगराची सखल सोंड गडाला मागच्या पठाराशी जोडते, म्हणून सारी मजबुती त्याच अंगाला एकवटलेली दिसते : आधी बाहेरचा किल्ला, मग मुख्य गडाचा वेगळा तट. अडगावला इंग्रजांनी भोसल्यांना हरवल्यानंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून दबाव ठेवला आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सनने अवजड तोफा डोंगररानातून ओढत याच उत्तर बाजूला आणल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरच्या तटाच्या खिंडारातून शत्रू आत घुसला, आतला तट शिड्या लावून चढला, आणि किल्लेदार बेनीसिंग आपल्या शिबंदीसह लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी इंग्रजांशी देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसले दुसऱ्या रघूजींना कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले, त्यांच्या लगतच्या थोड्या मुलखासह, तेवढे त्यांच्याकडे राहिले.