दिव्यांच्या अवसेची पहाट आणि १०.७२ सेकंद

काल मध्यरात्र उलटल्यावर, मालवणात पाऊस कोसळत असताना आणि नेहमीप्रमाणे वीज गेलेली असताना, आई, भाची आणि मी मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांची १०० मीटर शर्यत पाहिली. गंमत म्हणजे तिकडेही पाऊसच होता; स्टाद द फ्रान्सची जांभळी धावपट्टी ओलीचिंब झाली होती.

जमैकाची दिग्गज धावपटू शेली-ॲन फ्रेझर-प्राइस उपांत्य फेरीत धावलीच नाही, याची मला हळहळ वाटत होती. २०२३ची जगज्जेती, अमेरिकेची शा'कॅरी रिचर्डसन जिंकेल, असे मी भाचीला मोठ्या अधिकाराने सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने सुरुवातीलाच जी आघाडी घेतली, ती शेवटपर्यंत कोणालाही कमी करता आली नाही. तिने १०.७२ सेकंद वेळ नोंदवली, तर रिचर्डसनने १०.८७, एवढ्या छोट्या शर्यतीत हे अंतर फारच मोठे.

सेंट लुसियाचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्या बेटाची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या पाव हिश्शाहूनही कमी! वडील बाराव्या वर्षी गेलेली आणि चौदाव्या वर्षी सरावासाठी घर सोडून जमैकाला गेलेली ही मुलगी लहानपणी शाळेच्या गणवेशात, अनवाणी धावत असे, हे मी सांगितल्यावर भाची बराच वेळ गप्प होती.

आज सकाळी आई अवसेसाठी समया घासत बसली असताना, भाची चपला पडवीत टाकून चिवल्याच्या ओल्या वाळूवर धावायला गेली.