डबे जड का भरतायत?

मे संपत आलेला, रत्नागिरीजवळचा आमचा कॅनिंगचा कारखाना, हापूसच्या पल्पची शेवटची गडबड आणि आदल्या रात्री वळवाचा पाऊस बदाबदा कोसळून गेलेला. लाईनवर ८५० ग्रॅमचे डबे. दर अर्ध्या तासाला पाच डबे काढायचे, नेट वजन घ्यायचं आणि सरासरीचा ठिपका चार्टवर टाकायचा, हे माझं काम. मधली रेघ ८५८, वरची लिमिट ८६४, खालची ८५२. या लिमिट आपल्याच लाईनवरच्या आधीच्या आकड्यांवरून काढतात, लेबलवरून नाही, हे ऑफिसात दर सीझनला नव्याने सांगावं लागतं ते वेगळंच.

जेवायच्या सुट्टीपर्यंत आठ ठिपके पडले, ८६१, ८६०, ८६३ असे. बाहेर एकही नाही, पण आठच्या आठ मधल्या रेघेच्या वर! सगळं नीट असेल तर ठिपका वर पडायची शक्यता निम्मी, म्हणजे आठही वर पडायची २५६ मध्ये १. तेव्हा काहीतरी बदललंय नक्की. शूहार्ट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२४ साली हा चार्ट टेलिफोन बनवणाऱ्यांसाठी काढला, पण आमरसालाही चालतो.

फिलरवरचे, म्हणजे डबे भरायच्या मशीनवरचे काका पाना घेऊन तयारच. "मॅडम, स्ट्रोक जरा कमी करतंय, दोन मिनटाचा काम." म्हटलं काका थांबा, हात नका लावू. फिलर मापाने भरतो, वजनाने नाही, आणि स्ट्रोक म्हणजे ते माप. माप तेच असून वजन वाढतंय म्हणजे पल्पच जड झालाय. ब्रिक्स, म्हणजे पल्पमधल्या साखरेचं प्रमाण बघितलं, सकाळचंच. मग राहिलं तापमान, कारण गार पल्प जड भरतो. हीटरचा डायल तर ८५ दाखवत होता, पण हॉपरमध्ये प्रोब घातला तर ७९. डायलवर टिचकी मारून बघितली, काटा ढिम्म, अडकलेला.

हीटरला वाफ देणाऱ्या बॉयलरवर गेले तर लाकडं भिजलेली, नुसता धूर आणि स्टीमचं प्रेशर पडलेलं. काकांनी स्ट्रोक कमी केला असता तर ठिपके गुपचूप मधल्या रेघेवर आले असते आणि आम्ही संध्याकाळपर्यंत गार पल्प भरत बसलो असतो. पल्प गार भरला की बंद डब्यात व्हॅक्यूम नीट बनत नाही, आणि सकाळच्या डब्यांचा तो कमीच लागला, तो सगळा लॉट होल्डवर. साहेब वैतागले, "अहो सगळं लिमिटच्या आत आणि लाईन बंद?" चार्ट त्यांच्यासमोर ठेवला, मग गप्प.

शेडमधली सुकी लाकडं टाकली, डायल बदलला, तासाभराने लाईन सुरू. पहिला ठिपका ८५७, पुढचा ८५९. फिलरला कोणी हातही लावला नव्हता.