पडितर चीटी

बारा वर्षं मी फोन, अ‍ॅप आणि इंटरनेटच्या बातम्या लिहिल्या. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि बेळगावात संज्ञापनशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. मोबाईलवर येणारे कन्नड सरकारी निरोप सीमाभागातल्या मराठी घरांत कसे पोहोचतात, हा माझा विषय.

परवा नंदगडच्या बाजूला एका आजींची मुलाखत होती. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, कन्नड येत नाही. संमतीपत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी सावकाश सही केली, रेकॉर्डर सुरू झाला. बातमीदारीत पाच मिनिटांत हवं ते वाक्य काढून घ्यायची सवय होती. इथं गप्प बसायचं. समोरचा थांबला की आपणही थांबायचं, आणि नंतर ते थांबणं किती सेकंदांचं होतं तेही कागदावर उतरवायचं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला माझा सगळा दिवस जातो. उच्चाराचं अक्षर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं मी एके काळी भरभरून कौतुक छापलं होतं. त्याला इथल्या बोलीतलं 'येऊलालोय' ऐकवून बघा, एक शब्द धड उतरत नाही.

"मेसेज कोण वाचतं, आजी?"

"ह्यो नातू. ह्योच सांगतोय बघ सगळं."

नातू सातवीत, मराठी शाळेत. कन्नड विषय आहे, त्यामुळं अक्षरं झरझर वाचतो. त्यानं गावच्या ग्रुपवरचे निरोप एकेक करून वाचले आणि अर्थ सांगत गेला. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी 1950 साली एका अमेरिकन संपादकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेवरून आलेल्या मजकुरापैकी नऊ-दशांश तो संपादक बाजूला टाकत होता. गेटकीपर, म्हणजे कुठला मजकूर पुढं जाऊ द्यायचा हे ठरवणारा माणूस, आम्हाला त्यावरूनच शिकवतात. डेस्कवर बसून मीही तेच काम केलं आहे. आता माझ्यासमोर तेरा वर्षांचा गेटकीपर बसला होता, आणि मला मनापासून आनंद झाला होता.

मग एका निरोपावर तो म्हणाला, "ही कुणाची तरी चिठ्ठी हाय. आपली न्हवं." आणि त्यानं पडदा वर सरकवला.

मला कन्नड वाचता येतं. तिथं लिहिलं होतं 'पडितर चीटी', म्हणजे रेशनकार्ड. खाली 'कोनेय दिनांक', शेवटची तारीख. ती दोनच दिवसांवर आली होती. 'चीटी'ची त्यानं चिठ्ठी केली होती. घरात, गावात, दुकानात सगळे रेशनकार्डच म्हणतात. पडितर हा शब्द त्याच्या कानावर पडलाच कधी असेल? 'मराठी सपोर्ट आहे' एवढी ओळ लिहून मी कित्येक फोनना चार तारे दिले होते. निरोप पाठवणाऱ्यांनाही वाटतं, गेला म्हणजे पोहोचला.

मुलाखतीत संशोधकानं मध्ये पडायचं नसतं. मी पडले. "आजी, थांबा. हे तुमच्या कार्डाचं आहे. परवापर्यंत अंगठा द्यायला जायला हवं."

माझ्या टिपणात पुढं 14 सेकंदांची शांतता आहे. मग आजींचा आवाज: "म्हंजे आजवर ह्यानं काय काय वाचलंन?" त्यानंतर त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. जुने निरोप एकामागून एक माझ्याकडे सरकवत राहिल्या. नातू उठून परड्यात गेला, तो मी निघेपर्यंत आत आला नाही.

मार्गदर्शक म्हणाले, मुलाखत वगळ, नाहीतर घडलं ते जसंच्या तसं मांड. रेशनचं मी सांगायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते त्याच्यादेखत सांगितलं. घरातला वाचणारा तो होता, त्याची ती जागा मी एका वाक्यात काढून घेतली. संमतीपत्रावर आजींची सही आहे. त्याला मी विचारलंच नव्हतं.

रविवारी पुन्हा जाणार आहे. आधी परड्यात जाऊन त्याच्याशी बोलेन.