माहेरचं नाव सांगा, मावशी

गेल्या वर्षीचा जून, पेरणीच्या तोंडावरचा दिवस. तहसील कचेरीच्या आवारात मी आधार नोंदणीचं मशीन चालवतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना फार्मर आयडी सक्तीचा झाला आणि आमच्यापुढची रांग पिंपळाच्या पारापर्यंत जायला लागली. बहुतेकांचं दुखणं एकच. सात-बारावर एक नाव, आधारवर दुसरं. कुठे 'बापू'चं 'बाबू' झालेलं, कुठे आजोबांचं नाव राहून गेलेलं.

दुपारी एकच्या सुमारास एक मावशी पुढे आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कपाळ मोकळं. बरोबर पुण्याला नोकरी करणारी लेक. मावशींनी पदराखालची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर तीन पावत्या मांडल्या, तिन्ही आधार नोंदणीच्या. "तीनदा आंगठं दिलं दादा, पर आधार काय येईना."

मी पावत्या बघितल्या. दोन बाहेरच्या होत्या. तिसरी आमच्याच केंद्राची, अडीच वर्षांपूर्वीची, आणि नोंदणी केली होती मीच. चेहरा आठवेना. मावशींना मात्र मी आठवत होतो. "तुमीच म्हनला हुता, आंगठा उठत न्हाई, खुरपं जरा कमी करून या."

हे मी बोललो असणारच. दिवसातून दहाजणांना बोलतो. खुरपणी, काढणी करणाऱ्या हातांच्या रेघा खरंच झिजतात. पण त्या दिवशी मी त्यांच्या पावतीवरचा क्रमांक टाकून अर्ज नाकारण्याचं कारण बघितलं नव्हतं. आता बघितलं. कारण अंगठ्याचं नव्हतंच. या व्यक्तीची नोंद आधीच झालेली आहे, असं होतं. तिन्ही वेळेला तेच.

आधारचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून एकच सूत्र आहे. दहा बोटं आणि दोन डोळे घ्यायचे आणि आधी नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून बघायचे. जुळले, तर नवा अर्ज बाद. तुम्ही नाव काय सांगता याला त्या तपासात किंमत नाही. म्हणजे मावशींना आधार होतं. बारा आकडे त्यांच्या नावावर कधीच पडले होते. फक्त ते कोणत्या नावावर, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तोवर काय काय हुकलं होतं! लाडकी बहीण योजना आली तेव्हा गावातल्या बायांबरोबर त्या रांगेत होत्या, आधार नाही म्हणून माघारी फिरल्या. महिन्याला १,५०० रुपये. मालक गेल्यावर निराधार पेन्शनचा अर्ज तिथेच अडकला. दीड एकराला वारस म्हणून नाव लागलं, पण फार्मर आयडी निघेना.

हरवलेलं आधार शोधायची सोय आमच्याकडे असते. नाव, स्त्री की पुरुष, पिनकोड किंवा जिल्हा भरायचा, एक बोट किंवा डोळा द्यायचा. मी त्यांचं सासरचं नाव आणि आमचा पिनकोड टाकला. काही नाही. इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहिलं, मधलं नाव काढून पाहिलं. नाही. मागची रांग कुरकुरायला लागली.

मग मी विचारलं, "मावशी, आमच्या आधी, दुसऱ्या गावी कुठं डोळं दाखवून फोटो काढला होता का?"

त्या बराच वेळ मशीनकडे बघत राहिल्या. "भावाच्या गावी. शाळंत. आई आजारी हुती तवा. समद्या घराचं काढलं त्येनं."

"नाव काय सांगितलं तिथं?"

"म्या कुठं सांगितलं? भावानं सांगितलं."

"माहेरचं नाव सांगा, मावशी."

त्यांनी लेकीकडे बघितलं, मग खाली. आणि इतक्या हळू आवाजात नाव घेतलं की मला पुन्हा विचारावं लागलं. ते नाव इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एका नदीचं नाव होतं, एवढं सांगतो. लेक एकदम म्हणाली, "आई, हे तुझं नाव होतं?"

तिशीतली लेक, तिला माहीत नव्हतं. सासूचंही नेमकं तेच नाव, म्हणून लग्नात बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव कोरलं, सगळ्यांनी वाचलं, तांदूळ पुन्हा डब्यात गेले. तेव्हापासून भाऊ आणि आई सोडून कुणी त्या नावाने हाक मारली नाही. आता ते दोघंही नाहीत.

नाव, स्त्री, भावाच्या गावचा पिनकोड. बोट घेतलं, लागलं नाही. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा घेतलं, तरी नाही. मग डोळे घेतले. "पापणी हलवू नका, मावशी." गोल फिरायला लागलं. आमच्या इथली रेंज म्हणजे जीव खाते. माझी स्वतःची छाती धडधडत होती.

आणि उघडलं.

माहेरचं नाव, वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव. पत्ता कृष्णाकाठचा, कराड तालुक्यातला. तेव्हाची पावती भावाकडेच राहिली असणार आणि कार्ड टपालाने आलं असलं तरी माहेरीच. मावशी इकडे सासरी. तेरा वर्षं सरकारदरबारी त्या माहेरवाशीण म्हणून नांदत होत्या. सासरची बाई बँकेत होती, रेशनकार्डावर होती, सात-बारावर होती, मतदार यादीत होती. माहेरची एकट्या आधारमध्ये. दोघींची कुठे गाठच पडत नव्हती.

असल्या किती केसेस रोज येतात. पदवी माहेरच्या नावावर, पगार सासरच्या. पॅन एका नावाचं, आधार दुसऱ्याचं, म्हणून जोडणी होत नाही आणि पॅन बंद पडतं. मावशींच्या लेकीने तिथेच सांगितलं, तिचा पीएफ दोन नावांत अडकलाय. लग्नानंतर बाईने नाव बदलावं असं कुठलाही कायदा सांगत नाही. पूर्वी कागदच थोडे होते, तेव्हा निभावून गेलं. आता एकेक अक्षर जुळवून बघणारी यंत्रं आली आणि भुर्दंड सगळा बाईच्या माथी. हेलपाटे तिचे, मोडलेली रोजंदारी तिची. पुरुषाची फाईल नावातल्या चुकीने अडते. आख्ख्या दुसऱ्या नावाने अडलेला पुरुष मी या खुर्चीवर बसून आजवर एकही पाहिलेला नाही. लग्नाची पत्रिका घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी आता सांगतो, मुलीचं नाव आहे ते राहू द्या.

मावशींना मी दोन्ही वाटा सांगितल्या. आधार आहे तसं ठेवायचं आणि बाकीचे सगळे कागद त्याला जुळवायचे. नाहीतर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून आधारच सासरच्या नावावर करायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हेही बजावलं. मनातून मला वाटत होतं, त्यांनी पहिली वाट धरावी. लेकही म्हणाली, "आई, तुझं आहे ते ठेव."

"शेत त्या नावावर हाय. पास्बुक त्या नावावर हाय. कुठं कुठं फिरू?" मावशी म्हणाल्या. "पर आदी हे छापून दे."

तेव्हा त्याचे ३० रुपये होते. त्यांनी नोटा मोजून ठेवल्या. रंगीत प्रिंट बाहेर आली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, पण नावाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फोटो बघत होत्या. तेरा वर्षांपूर्वीचा, शाळेच्या भिंतीला पांढरं कापड लावून काढलेला. केस काळेभोर, डोळे ताणलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"दादा, नाव बदाललं की फोटू बी बदालतो?"

"नाही मावशी. नावाच्या दुरुस्तीत फोटो तोच राहतो."

त्यांनी प्रिंट चौघडी न घालता, तशीच सरळ पिशवीत ठेवली, तिन्ही पावत्यांच्या वर.

"मग बदाल," म्हणाल्या.